इमिग्रेशन पहिल्या विमानतळावर, कस्टम्स शेवटच्या: युरोपला निघालेल्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी

दरवर्षी जुलै-ऑगस्ट उजाडला की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. प्रवेश मिळालेला असतो, शिष्यवृत्तीचे पत्र आलेले असते, व्हिसाही लागलेला असतो. मग फोन येतो: "मुंबई ते फ्रँकफर्ट आणि तिथून व्हिएन्ना असे तिकीट आहे. पासपोर्ट नेमका कुठे दाखवायचा? बॅग फ्रँकफर्टला काढून घ्यावी लागते का? दीड तासात पुढचे विमान मिळेल का?"

विचारणारा बहुतेक वेळा घरातला विमानात बसणारा पहिलाच असतो. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो की केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती, या योजनांमुळे आपल्या वस्त्यांतली, तालुक्यांतली मुले-मुली युरोपच्या विद्यापीठांत पोहोचत आहेत. पण ज्या घरात आधी कोणी गेलेले असते तिथे जेवता जेवता कळणाऱ्या गोष्टी आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. एजंट तिकीट विकून मोकळा होतो. आणि चुकीचे तिकीट घेतले तर मुंबईच्या काउंटरवरूनच परत यावे लागते, पैसे जातात, पहिल्या सत्राचे वर्ग बुडतात. म्हणून हा विषय एकदा नीट मांडत आहोत.

नकाशावरच्या दोन वेगळ्या रेषा

सगळा गोंधळ एका गोष्टीमुळे होतो. आपण 'युरोप' म्हणतो तेव्हा एकच सीमा डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात विमानप्रवाशासाठी तिथे दोन सीमा आहेत आणि त्या एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत.

पहिली सीमा माणसांची, म्हणजे शेंगेन क्षेत्राची. लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या छोट्या गावी १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी करार केला आणि २६ मार्च १९९५ पासून आपापसांतली पासपोर्ट तपासणी प्रत्यक्षात उठायला सुरुवात झाली. सध्या या क्षेत्रात २९ देश आहेत. युरोपीय संघातले २५ आणि संघाबाहेरचे चार: नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड आणि लिख्टेनश्टाइन. आयर्लंड आणि सायप्रस संघात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. ब्रिटन दोन्हींत नाही.

दुसरी सीमा मालाची, म्हणजे कस्टम्सची. युरोपीय संघाचे देश मिळून एकच सीमाशुल्क क्षेत्र आहे. इथे आयर्लंड आत येते, पण स्वित्झर्लंड आणि नॉर्वे बाहेर राहतात.

पासपोर्ट बघणारा अधिकारी पहिल्या रेषेवर उभा असतो, बॅग बघणारा दुसऱ्या रेषेवर. हे एकदा डोक्यात बसले की पुढचे सगळे नियम आपोआप उलगडतात.

पासपोर्ट कुठे दाखवायचा?

नियम साधा आहे. शेंगेन क्षेत्रातल्या ज्या विमानतळावर तुमचे पाऊल पहिल्यांदा पडते, तिथेच इमिग्रेशन होते. तुमचे अंतिम ठिकाण कुठले, याचा इथे संबंध नाही.

मुंबई–फ्रँकफर्ट–व्हिएन्ना या प्रवासात इमिग्रेशन फ्रँकफर्टला होते आणि ते जर्मनीचे सीमा पोलीस करतात, जरी तुमचा व्हिसा ऑस्ट्रियाने दिलेला असला तरी. फ्रँकफर्ट ते व्हिएन्ना हे विमान मुंबई–नागपूर विमानासारखेच समजा. व्हिएन्नाला उतरल्यावर सहसा पासपोर्टची रांग नसते. तरीही पासपोर्ट हाताशी असू द्या, कारण अंतर्गत प्रवासातही अधूनमधून तपासणी होऊ शकते.

दोहा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे गेलात तर चित्र बदलते. ही तिन्ही शहरे शेंगेनच्या बाहेर आहेत. त्यामुळे दोहाहून थेट व्हिएन्नाला उतरलात की तेच तुमचे पहिले शेंगेन विमानतळ आणि इमिग्रेशनही तिथेच.

परतीच्या वेळी हेच उलटे होते. शेंगेन क्षेत्र सोडताना जे शेवटचे विमानतळ असेल तिथे बाहेर पडल्याची नोंद होते. व्हिएन्ना–पॅरिस–मुंबई असा परतीचा मार्ग असेल तर व्हिएन्नाला कोणी पासपोर्टवर नोंद करणार नाही, ती पॅरिसला होईल. कनेक्शनची वेळ ठरवताना पॅरिसची ही रांग धरायला विसरू नका.

एक प्रश्न हमखास येतो: "माझा जर्मनीचा लाँग-स्टे व्हिसा आहे, मग मी ॲमस्टरडॅममार्गे जाऊ शकतो का?" होय. कोणत्याही शेंगेन देशाच्या वैध लाँग-स्टे व्हिसावर किंवा निवास परवान्यावर दुसऱ्या शेंगेन देशातून पुढे जाता येते. फक्त ॲमस्टरडॅमचा अधिकारी डच असेल आणि तुमचे विद्यापीठ त्याच्या देशातले नसेल, एवढे ध्यानात ठेवा. प्रवेशपत्र, राहण्याची सोय आणि पुढचे बोर्डिंग पास त्याला दाखवता आले पाहिजे.

व्हिसाचे तीन सापळे

पहिला सापळा सिंगल एंट्रीचा. अल्पकाळाच्या शेंगेन व्हिसावर परिषदेला किंवा धम्मविषयक कार्यक्रमाला जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे नीट वाचावे. व्हिसावर एकच प्रवेश लिहिला असेल आणि मध्येच तुम्ही पॅरिसहून लंडनला गेलात, तर शेंगेनमधून बाहेर पडलात. परत पॅरिसला येण्यासाठी दुसरा प्रवेश लागतो. परतीचे विमान पॅरिसहून असले तरी त्यासाठी पुन्हा आत शिरावे लागत असेल, तर अडचण तीच. लंडन आणि डब्लिन ही शहरे शेंगेनच्या बाहेर आहेत. ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा असलेल्या भारतीयालाही पॅरिसला जायला शेंगेन व्हिसा काढावाच लागतो.

दुसरा सापळा फक्त ट्रान्झिटचा. मुंबई–फ्रँकफर्ट–न्यूयॉर्क अशा प्रवासात तुम्ही फ्रँकफर्टच्या आंतरराष्ट्रीय भागातच राहता, शेंगेनमध्ये शिरत नाही. मात्र विमानतळावरच्या अशा थांब्यासाठीही काही देश काही नागरिकांकडून विमानतळ ट्रान्झिट व्हिसा मागतात. युरोपीय संघाच्या सामायिक यादीत भारत नाही. पण सदस्य देशांना स्वतःची वेगळी यादी ठेवता येते आणि या याद्या बदलत असतात. अमेरिका, कॅनडा किंवा जपानचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर सहसा सूट मिळते. तरीही तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी, ज्या देशात विमान बदलायचे आहे त्याच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचा नियम बघा. मित्राचा मागच्या वर्षीचा अनुभव पुरावा म्हणून धरू नका.

तिसरा सापळा सगळ्यांत फसवा आहे. स्वस्त तिकीट शोधताना मुंबई–फ्रँकफर्ट–म्युनिक–न्यूयॉर्क असा मार्ग समोर येतो. जायचे अमेरिकेला, मग शेंगेन व्हिसाचा काय संबंध, असे वाटते. पण फ्रँकफर्ट ते म्युनिक हे शेंगेनच्या पोटातले विमान आहे. त्यात बसण्यासाठी फ्रँकफर्टला इमिग्रेशन करून आत शिरावे लागते. म्हणजे पूर्ण शेंगेन व्हिसा हवा, ट्रान्झिट व्हिसाने भागत नाही. एकाच प्रवासात दोन शेंगेन विमानतळ दिसले की थांबा आणि मार्ग पुन्हा तपासा.

पहिली चौकी मुंबईतच असते

विमान कंपनीचे कर्मचारी मुंबईच्या चेक-इन काउंटरवर तुमचे कागद इतके उलटेपालटे करून का बघतात? कारण योग्य कागदपत्रे नसलेला प्रवासी नेला तर त्याला परत आणण्याची जबाबदारी कंपनीवर येते आणि दंडही होऊ शकतो. म्हणून शंका आली की ते बसूच देत नाहीत. युरोपचा अधिकारी भेटण्याआधीच, त्याच्या वतीने, इथला कर्मचारी निर्णय घेतो.

इथेच दोन वेगवेगळ्या तिकिटांचा प्रश्न येतो. समजा, नांदेडच्या एका विद्यार्थिनीने मुंबई–लंडन एक तिकीट घेतले आणि लंडन–बर्लिन दुसऱ्या स्वस्त कंपनीचे वेगळे तिकीट घेतले. दोन्ही मिळून आठ-दहा हजार रुपये वाचले. तिच्याकडे जर्मनीचा व्हिसा आहे. पण तिकिटे वेगळी असल्यामुळे बॅग बर्लिनपर्यंत जात नाही, ती लंडनला काढून पुन्हा चेक-इन करावी लागते. बॅग घ्यायची म्हणजे ब्रिटनचे इमिग्रेशन ओलांडायचे. त्यासाठी लागणारी ब्रिटनची परवानगी तिच्याकडे नाही. मुंबईच्या काउंटरवर हे लक्षात आले की प्रवास तिथेच संपतो आणि दोन्ही तिकिटे वाया जातात.

म्हणून आमचा आग्रह आहे की संपूर्ण प्रवास एकाच बुकिंगवर, एकाच पीएनआरवर घ्या. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. एकाच तिकिटावर बॅग शेवटपर्यंत जाते. पहिले विमान उशिरा पोहोचून पुढचे चुकले तर तुम्हाला पुढच्या विमानात बसवणे ही कंपनीची जबाबदारी असते. वेगळ्या तिकिटांवर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी असता.

बॅग आणि कस्टम्स

आपल्याकडचा अनुभव असा की पॅरिसहून दिल्लीमार्गे नागपूरला येताना सर्वसाधारणपणे दिल्लीला बॅग घ्यायची, कस्टम्स ओलांडायचे आणि पुन्हा देशांतर्गत विमानासाठी द्यायची. युरोपीय संघात रीत वेगळी आहे. भारतातून संघातल्या एका विमानतळावर उतरून संघातल्याच दुसऱ्या विमानतळावर जात असाल, तर चेक-इन केलेल्या बॅगेचे कस्टम्स शेवटच्या विमानतळावर होते. हातातल्या बॅगेची तपासणी मात्र पहिल्याच विमानतळावर होऊ शकते.

म्हणजे फ्रँकफर्टला बेल्टपाशी जाऊन बॅग शोधू नका, ती थेट व्हिएन्नाला येईल. खात्री करण्यासाठी मुंबईत बॅगेला लावलेल्या टॅगवरचे शहर वाचा. तिथे व्हिएन्नाचा कोड असेल तर काळजी नाही. तो फ्रँकफर्टचा असेल तर काउंटर सोडण्याआधीच विचारा.

व्हिएन्नाला बॅग घेतल्यावर बाहेर पडताना हिरवी आणि लाल वाट दिसते. काही विमानतळांवर निळी वाटही असते. निळी वाट संघातूनच आलेल्या सामानासाठी असते आणि अशा बॅगांच्या टॅगला हिरव्या कडा असतात. तुमचे शेवटचे विमान फ्रँकफर्टहून आले असले तरी बॅग मुंबईची आहे. त्यामुळे निळ्या वाटेने जायचे नाही. जाहीर करण्यासारखे काही नसेल तर हिरवी वाट, असेल तर लाल.

स्वित्झर्लंडमार्गे गेलात तर दोन रेषांचा फरक स्पष्ट दिसतो. मुंबई–झुरिक–व्हिएन्ना प्रवासात इमिग्रेशन झुरिकला होते, कारण स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे. पण ते संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रात नाही, म्हणून हातातल्या आणि चेक-इनच्या दोन्ही बॅगांचे कस्टम्स व्हिएन्नाला होते. नॉर्वेही असेच वेगळे आहे. ओस्लोहून बर्गनसारख्या शहरात देशांतर्गत विमानाने जाताना बहुतेकदा ओस्लोलाच बॅग घेऊन कस्टम्स ओलांडावे लागते.

आता बॅगेत काय भरायचे ते पाहू. आईने प्रेमाने दिलेले पेढे, बर्फी, खवा आणि साजूक तुपाचा डबा घरीच ठेवा. संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ वैयक्तिक वापरासाठीही नेता येत नाहीत. शेवचिवडा, शेंगदाण्याची चटणी, मसाला, येसर यांची सहसा अडचण येत नाही. वेष्टन बंद असावे आणि आत काय आहे ते इंग्रजीत लिहिलेले असावे. मासे वीस किलोपर्यंत नेता येतात, त्यामुळे सुके बोंबील नियमात बसतात. मात्र ते घट्ट बांधा, नाहीतर पूर्ण बॅग वास मारेल. ताजी फळे-भाज्या आणि रोपे यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना तेवढी सूट आहे. आंबा त्यात नाही. पिंपळाचे रोपटे तिकडच्या विहाराला भेट द्यायची इच्छा आम्ही समजू शकतो, पण प्रमाणपत्राशिवाय ते कस्टम्सवरच जप्त होईल.

रोख रक्कम दहा हजार युरो किंवा त्याहून अधिक असेल तर ती जाहीर करणे बंधनकारक आहे. विमानाने येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला ४३० युरोपर्यंतच्या वस्तू शुल्काशिवाय नेता येतात. स्वतःच्या वापराचे कपडे, लॅपटॉप, अंगावरचे दागिने या हिशेबात येत नाहीत. औषधे मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या.

कागदपत्रांबाबत एकच सांगणे आहे. प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचे पत्र, मूळ गुणपत्रिका, जात प्रमाणपत्र आणि विम्याचे कागद चेक-इनच्या बॅगेत ठेवायचे नाहीत. १९१७ मध्ये लंडनहून परतताना बाबासाहेबांचे ग्रंथ आणि सामान वेगळ्या बोटीने निघाले होते. ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. आज पाणबुडीचे भय नाही, पण बॅग दुसऱ्याच शहरात जाणे नेहमीचे आहे. कागद हातातल्या बॅगेत ठेवा आणि त्यांची एक प्रत मोबाइलमध्ये, दुसरी घरी असू द्या.

किती वेळ हाताशी हवा?

विमानातून उतरणे, काही ठिकाणी पुन्हा सुरक्षा तपासणी, इमिग्रेशनची रांग आणि मग पुढचे गेट, एवढे सगळे कनेक्शनच्या वेळात बसवायचे असते. सुरक्षा तपासणीत पाण्याची बाटली टाकून द्यावी लागते. इमिग्रेशनला 'सर्व पासपोर्ट' अशी पाटी असलेली आपली रांग असते आणि सकाळी भारतातून, आखातातून, आफ्रिकेतून विमाने एकाच वेळी उतरली की ती लांबते.

त्यात १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली. अल्पकाळाच्या व्हिसावर येणाऱ्यांचा चेहऱ्याचा फोटो घेतला जातो आणि व्हिसाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे ताडून पाहिले जातात. शिक्क्याऐवजी ही नोंद तुमचे १८० दिवसांतले ९० दिवस मोजते. एक दिवस जास्त राहिलात तरी यंत्राला कळते. लाँग-स्टे व्हिसा किंवा निवास परवाना असलेल्यांना ही नोंदणी लागू नाही, पण रांग मात्र त्यांनाही लागते.

म्हणून शेंगेनमध्ये पहिल्यांदा शिरण्याच्या ठिकाणी किमान अडीच तास ठेवा, असा आमचा सल्ला आहे. कंपनी सव्वा तासाचे कनेक्शन विकत असली तरी ते घेऊ नका. वेळ अगदीच कमी उरला तर रांगेतल्या कर्मचाऱ्याला बोर्डिंग पास दाखवून विचारा. अनेकदा पुढे घेतात. गप्प उभे राहिलात तर कोणी स्वतःहून विचारणार नाही.

काउंटरसमोर ताठ उभे राहा

अधिकारी सहसा चारच गोष्टी विचारतो: कशासाठी आलात, कुठे राहणार, खर्च कसा भागवणार, परत कधी जाणार. उत्तरे छोटी आणि खरी द्या. शिष्यवृत्तीचे पत्र हे खर्चाच्या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर आहे. ते दाखवताना संकोच करू नका, ते तुम्ही गुणांवर मिळवलेले आहे. इंग्रजी अडखळत असेल तर शांतपणे "प्रश्न पुन्हा सांगा" म्हणा. न समजलेल्या प्रश्नाला नुसते "येस, येस" म्हणणे सगळ्यांत महाग पडते.

कधी कधी बाजूच्या खोलीत सविस्तर चौकशीसाठी नेतात. याचा अर्थ तुम्ही गुन्हेगार ठरलात असा नाही. युरोपच्या सीमा संहितेच्या कलम ७ नुसार तपासणी करताना मानवी प्रतिष्ठेचा पूर्ण आदर राखणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. लिंग, वंश, धर्म किंवा श्रद्धा, अपंगत्व, वय, लैंगिक कल यांवरून भेदभाव करायला बंदी आहे. ही भाषा आपल्याला परकी नाही. अशा चौकशीचा हेतू आणि पद्धत लेखी कळण्याचा तुमचा अधिकार आहे. प्रवेश नाकारलाच तर कारण नमूद केलेला लेखी आदेश मिळाला पाहिजे आणि त्याविरुद्ध अपील करता येते. न वाचता कशावरही सही करू नका. भारतीय दूतावासाचा आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण मोबाइलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

तिकीट घेण्याआधी पाच मिनिटे

विमानतळावर दिसणाऱ्या बहुतेक अडचणी खरे तर तिकीट घेतानाच तयार झालेल्या असतात. म्हणून पैसे भरण्याआधी कागदावर प्रवासाची शहरे ओळीने लिहा. पहिले शेंगेन शहर कुठले, त्याखाली रेघ ओढा, तिथे इमिग्रेशन. संघातले शेवटचे शहर कुठले, त्याखाली दुसरी रेघ ओढा, तिथे बॅगेचे कस्टम्स. दोन शेंगेन शहरांनंतर मार्ग पुन्हा बाहेर जातो का, ते बघा. बुकिंग एकच आहे का, ते बघा. पहिल्या रेघेपाशी अडीच तास आहेत का, ते बघा.

आपल्यातले जे आधी जाऊन आले आहेत त्यांनाही एक विनंती आहे. वसतिगृहात, अभ्यासिकेत किंवा विहारात एक संध्याकाळ काढा आणि आपला जुना बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग, पासपोर्टवरचा शिक्का पुढच्या तुकडीला प्रत्यक्ष दाखवा. आपल्या पहिल्या प्रवासाआधी हे कोणी दाखवले असते तर किती बरे झाले असते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

जय भीम!